सुटकेची विद्या

२ फेब्रुवारी २०२५ या दिवशी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरीची मानाची गदा पृथ्वीराज मोहोळ या तरुण मल्लाने पटकावली. पण त्या सायंकाळची चर्चा गदेपेक्षा एका लाथेची अधिक झाली. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी दिलेला चितपटीचा कौल शिवराज राक्षे यांना मान्य नव्हता. शब्दाने शब्द वाढला, पंचांची कॉलर धरली गेली आणि पाठोपाठ लाथ बसली. पुढे अंतिम लढतीतही गुणांवरून वाद होऊन महेंद्र गायकवाड यांनी मैदान सोडले. दोन्ही मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली. पंचांचा कौल बरोबर की चूक, याचा काथ्याकूट तेव्हा पुष्कळ झाला. तो येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला त्या प्रसंगातील वेगळीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. नियमांची चौकट मोडताच आधी पकड झाली आणि मग प्रहार झाला. आधी कॉलर, मग लाथ. बसस्थानकावरच्या, बाजारातल्या, शेताच्या बांधावरच्या बहुतेक मारामाऱ्यांचा क्रम हाच असतो.

आपल्या भाषेला हे केव्हाच उमगलेले आहे. गचांडी धरणे, बखोट पकडणे, मानगुटीवर बसणे, झिंज्या उपटणे, झोंबाझोंबी होणे, हातघाईवर येणे, हे सारे शब्दप्रयोग पकडीचे आहेत. ठोसा आणि लाथ यांना मराठीत वाण नाही. पण भांडण अंगावर आले की पहिला हात पडतो तो मनगटावर, दंडावर, गळ्यावर किंवा केसांवर. असे असताना ‘स्वसंरक्षण’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते ती हवेत लाथ फेकणारी, पांढऱ्या गणवेशातील मुलगी. हे चित्र कोठे तरी चुकते आहे, आणि या चुकीची किंमत आपल्या लेकीबाळींना मोजावी लागू शकते. म्हणूनच पकड श्रेष्ठ की प्रहार श्रेष्ठ, हा वरवर तालमीतल्या गप्पांचा वाटणारा वाद आम्ही येथे गंभीरपणे घेत आहोत.

१३ जुलै २०१६ रोजी याच जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. अवघा महाराष्ट्र हादरला. लाखोंचे मूक मोर्चे निघाले. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशीची शिक्षा सुनावली. अशा घटनेनंतर समाज स्वतःला विचारतो, की आपण मुलींना काय शिकवले? येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. अपराध अत्याचाऱ्याचाच असतो. मुलीला डावपेच येत नव्हते म्हणून तो घडला, असे म्हणणे हाच एक अपराध आहे. मात्र जी विद्या आपण देऊ शकतो ती द्यायची, आणि देताना ती खोटी देता कामा नये, हे कर्तव्य त्याने कमी होत नाही.

अशा प्रत्येक घटनेनंतर गावोगावी तीन-चार दिवसांची शिबिरे भरतात. समारोपाला मुली कौले फोडून दाखवतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, वृत्तपत्रात छायाचित्र येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका समारोपास आम्ही उपस्थित होतो. कार्यक्रम संपल्यावर कौले फोडणाऱ्या एका गुणी मुलीला आम्ही सहज म्हटले, ‘तुझ्याच वर्गातली ही मैत्रीण तुझे मनगट धरील, ते सोडवून दाखव बरे.’ मैत्रीण शाळेच्या कबड्डी संघात खेळणारी होती. दोघीही हसत पुढे आल्या. पहिल्या मुलीने शिकवल्याप्रमाणे हात फिरवला, झटका दिला, पुन्हा दिला. मनगट काही सुटेना. तिच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले, ते आम्ही अद्याप विसरलेलो नाही. दोष त्या मुलीचा नव्हता. कौल उलटून पकडत नाही, एवढे तिला कोणी सांगितले नव्हते.

पकडीच्या बाजूने इतिहासाची साक्ष भक्कम आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शामियान्यात जे घडले त्याची सुरुवात आलिंगनाने झाली. सभासदाच्या बखरीनुसार खानाने महाराजांची मान काखेत दाबली आणि कुशीत शस्त्र चालवले. अंगातील चिलखताने तो वार वाया गेला आणि त्याच मिठीतून महाराजांनी खानाचा कोथळा काढला. धिप्पाड देहाच्या मिठीत सापडलेल्या माणसाला ठोशासाठी हात मागे घ्यायलाही जागा नसते. तेथे उपयोगी पडते ती जवळच्या अंतरावरची विद्या आणि त्या क्षणीही थाऱ्यावर राहिलेले मन. महाराजांची पूर्वतयारी चिलखतापासून सुरू झाली होती, हेही ध्यानात घ्यावे. आपल्यावर काय प्रसंग येणार आहे याचे त्यांनी नेमके अनुमान बांधले होते.

अलीकडचा दाखला परदेशातला आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या युद्धकलांच्या जाणकारांची जवळजवळ नियमविरहित स्पर्धा झाली. तेथे बॉक्सिंग, कराटे, किकबॉक्सिंग यांतील बलदंड खेळाडू होते. जिंकला तो मात्र रॉयस ग्रेसी नावाचा सडपातळ ब्राझिलियन. त्याच्या घराण्याची विद्या होती जपानी जुजुत्सूतून विकसित झालेली, जमिनीवरच्या पकडीची. प्रतिस्पर्ध्याला मिठी मारायची, खाली न्यायचे आणि गळा किंवा सांधा आवळून शरण आणायचे, एवढेच त्याने केले. ज्याला अंतर राखता आले नाही, त्याचा ठोसा त्याच्या खांद्यातच राहिला. या एका सायंकाळीने जगभरच्या कराटे वर्गांची झोप उडवली.

मग पकड हाच अंतिम शब्द मानायचा काय? तसेही नाही. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँटोनिओ इनोकीशी लढताना अक्रम पहिलवान पराभूत झाले. अक्रम हे भोलू बंधूंच्या नामांकित कुस्ती घराण्यातील. ताकद कमी नव्हती, डाव कमी नव्हते. पण इनोकीने त्यांचा हात अशा रीतीने मुरगळला की सांध्याने दगा दिला. आपल्या कुस्तीचे सारे ध्येय समोरच्याची पाठ मातीला लावणे हे असते. पाठ लागली की लढत संपते, मल्ल उठतो, माती झटकतो, हात मिळवतो. रस्त्यावर मात्र पाठ लागल्यावरच खरा प्रसंग सुरू होतो. पाठीवर पडलेल्या माणसाने काय करावे, हे आपल्या तालमीत क्वचितच शिकवले जाते. उलट चितपट टाळण्यासाठी पालथे होण्याची सवय मल्लाच्या हाडीमासी मुरते. आणि रस्त्यावर पालथे पडणे म्हणजे मानेचा मागचा भाग शत्रूच्या हवाली करणे होय.

दुसरी अडचण जमिनीची. तालमीतली माती ताक, तेल आणि हळद घालून मऊ केलेली असते. डांबरी रस्त्याला असली माया नसते. तेथे धोबीपछाड यशस्वी झाली तरी मारणाऱ्याचा गुडघा फुटतो आणि मार खाणाऱ्याचे डोके. तिसरी अडचण संख्येची. एकाला मिठीत घेतलेल्या माणसाची पाठ दुसऱ्यासाठी मोकळी असते. प्रतापगडावरसुद्धा सय्यद बंडा पट्टा उगारून धावला तेव्हा जिवा महाला आडवा आला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यातूनच जन्मली. ज्याच्या पाठीशी जिवा नाही, त्याने दोघा-तिघांच्या घोळक्यात एकाला कवटाळून बसणे धोक्याचे आहे. तेथे ठोसा, कोपर, गुडघा यांचा क्षणभर मारा करून वाट मोकळी करणेच शहाणपणाचे.

चौथी आणि सर्वांत भीषण अडचण हत्याराची. आपला जिल्हा उसाचा. कोयता येथे घरोघर आहे आणि तो पोटापाण्याचे साधन आहे. पण गेल्या काही वर्षांत पुण्यासारख्या शहरात त्याच कोयत्याच्या नावाने टोळ्या ओळखल्या जाऊ लागल्या. जून २०२३ मध्ये पुण्याच्या सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. बघे पुष्कळ होते. तिला वाचवले ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी; त्यांनी पुढे झेपावून वार अडवला आणि हल्लेखोराला आवरले. कोयत्यासमोर मुष्टियुद्ध चालत नाही आणि कुस्तीचा पटही चालत नाही. पळता येत असेल तर पळावे. दुसऱ्याचा जीव वाचवायचा असेल आणि इलाजच नसेल, तर हत्यार धरलेला हात दोन्ही हातांनी धरावा आणि मदत येईपर्यंत सोडू नये. म्हणजे शेवटी पुन्हा पकडच! पण ती जिंकण्याची नव्हे, वार थोपवण्याची पकड.

या सगळ्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही पक्ष अर्धे खरे आहेत. आपल्या पूर्वजांनी हा भेद इतका ताणलाही नव्हता. भागवतात कंसाच्या आखाड्यात श्रीकृष्णासमोर चाणूर उभा राहतो आणि बलरामासमोर मुष्टिक. मुष्टिकाच्या नावातच मूठ आहे, आणि तोही मल्लच म्हणवला जातो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविद्येला राजविनोदाचे स्वतंत्र स्थान आहे. शाखेत ‘नियुद्ध’ या नावाने निःशस्त्र झुंजीचे जे पाठ दिले जातात, त्यांतही पकड सोडवणे आणि आघात करणे या दोन्ही गोष्टी एकत्रच येतात. भेद पडला तो नंतर, जेव्हा विद्येचे खेळ झाले आणि प्रत्येक खेळाने आपापल्या नियमांचे कुंपण घातले.

आमच्या मते खरा भेद पकड आणि प्रहार यांच्यात नाहीच. तो आहे जिवंत सराव आणि निर्जीव सराव यांच्यात. मल्ल श्रेष्ठ ठरतो तो त्याला डाव अधिक येतात म्हणून नव्हे. रोज सायंकाळी त्याच्यासमोरचा जोडीदार खराखुरा विरोध करतो म्हणून. त्याला ढाक लावायची असेल तर समोरचा ती लावू देत नाही. शंभरदा फसल्यावर एकदा लागते, आणि ती एकदा लागलेली ढाक अंगात भिनते. मुष्टियोद्ध्याचेही तेच. त्याने ठोसे खाल्लेले असतात. म्हणून ठोसा बसल्यावर तो गांगरत नाही. उलट हवेत हात फिरवून, आकडे मोजत, समोर कोणी नसताना केलेला सराव कितीही देखणा असला तरी पहिल्या झटापटीत विरून जातो. १८८२ मध्ये जपानात ज्युदोची स्थापना करणाऱ्या जिगोरो कानो यांनी हे मर्म ओळखले होते. जुन्या जुजुत्सूतील इजा करणारे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले, ते उरलेले डाव पूर्ण जोराने आणि पूर्ण विरोधासह करता यावेत म्हणून. कमी घातक डाव, पण खऱ्या सरावाचे. तेच वेळेला कामी येतात.

आता मुलींच्या बाबतीत विचार करू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगते, की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे अंधाऱ्या गल्लीत झडप घालणारा अनोळखी गुंड हा अपवाद. नात्यातला, शेजारातला, विश्वासातला माणूस हा नियम. अशा माणसाच्या नाकावर ठोसा मारण्यास मुलीचा हात धजावत नाही. तिला पहिली लढाई स्वतःच्या संकोचाशी लढावी लागते. त्या क्षणी ‘नाही’ हा शब्द मोठ्याने उच्चारणे हाच पहिला प्रहार, आणि धरलेला हात सोडवून दाराबाहेर पडणे हाच खरा डाव. कॅनडातील तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले. केवळ बारा तासांच्या प्रशिक्षणात धोका ओळखणे, संकोच मोडणे आणि प्रतिकार करणे शिकवले गेले. पुढील वर्षभरात बलात्काराचे प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के, तर इतरांत ९.८ टक्के आढळले. प्रशिक्षणाचा उपयोग होतो, हे यातून सिद्ध होते. मात्र ते प्रशिक्षण खऱ्या प्रसंगाला धरून असले पाहिजे.

कायद्याची बाजूही प्रत्येकाला ठाऊक हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही हा हक्क आहे. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, आम्लहल्ला यांची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराच्या जिवावर बेतणारा प्रतिकारही कायद्याला मान्य आहे. मात्र बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही, आणि पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. बेकायदा हल्ल्यासमोर सज्जनाने भेकडासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. येथे पकडीचा एक मोठा गुण लक्षात येतो. पकड मोजूनमापून लावता येते. दारू पिऊन अंगावर आलेल्या भावकीतल्या माणसाला आवळून शांत बसवता येते. ठोशाला असे माप नसते; एका ठोशाने खाली कोसळून फरशीवर डोके आपटले तर क्षणात एक जीव जातो आणि दुसऱ्याचे आयुष्य तुरुंगात जाते. बांधावरच्या भांडणात हे घडते, हे आपण सगळे जाणतो.

मग करावे काय? बाहेरून काही आणण्याची गरज नाही. या जिल्ह्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा ठरलेला. रेवड्यांवर लागणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंत सारा गाव पाहायला बसतो. २०२५ मध्ये वाडिया पार्कनंतर अवघ्या दोन महिन्यांत कर्जतलाही महाराष्ट्र केसरीचे मैदान भरले. मुली मागे नाहीत. २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. आपल्या श्रीगोंदे तालुक्याच्या भाग्यश्री फंडचे नाव कुस्तीच्या मैदानात गाजते आहे. तरीही गावची तालीम अजून मुलींसाठी बंद दारासारखीच आहे. आठवड्यातील दोन सायंकाळी तालमीचे दार गावातल्या मुलींसाठी, महिला प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली उघडावे. त्यांना मैदान मारायला लावू नये. मनगट सोडवणे, मिठी सोडवणे, केसांची पकड सोडवणे, पडताना डोके सांभाळणे आणि पाठीवरून उठून पळणे, या पाच गोष्टी विरोध करणाऱ्या जोडीदारासह शिकवाव्यात. सोबत तळहाताचा, कोपराचा आणि गुडघ्याचा, असे तीनच आघात पुरेत. तेही पकड ढिली करण्यापुरते.

जेथे तालीम नाही तेथे कबड्डीचे मैदान तर आहे! चढाई करणारी मुलगी सात जणींच्या अंगणात एकटी जाते. मनगट, कंबर, घोटा, जे सापडेल ते धरून सात जणी तिला रोखतात. आणि तिचे सारे लक्ष असते मध्यरेषेकडे. एक बोट रेषेला लागले की ती सुटली. सातांना लोळवणे हे तिचे काम नव्हे. परत येणे हे तिचे काम. स्वसंरक्षणाचे सारे तत्त्व या देशी खेळात सामावले आहे. आम्ही ज्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, तिच्या बोटांत ती ताकद कोणत्याही पट्ट्यामुळे आलेली नव्हती. ती रोजच्या खेळाने आली होती. समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांच्या आत्मरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते तीन महिने कौले फोडण्यात घालवायचे की अशा सरावात, हे मुख्याध्यापक आणि पालक यांनी ठरवायचे आहे. समारोपाला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनीही फुटलेली कौले मोजू नयेत. किती मुलींना आपले मनगट सोडवता आले, ते मोजावे.

आणि मुलग्यांना? त्यांना तालमीत बलाबरोबर संयमही शिकवला पाहिजे. मारुतीच्या मूर्तीसमोर बैठका मारणाऱ्या पोराला तेथे शक्ती आणि विनय एकत्रच दिसतात. वाडिया पार्कवर त्या सायंकाळी जे हरवले ते नेमके हेच होते. अन्याय झाला असेल किंवा नसेल. ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्यावर ते आवरण्याची जबाबदारी अधिक. तालमीतून बाहेर पडणारा तरुण रस्त्यावर कोणाची गचांडी धरणारा निघाला तर ती विद्या वाया गेली. कोणाची धरलेली गचांडी सोडवणारा निघाला, तर ती सार्थकी लागली.

चौंडीच्या अहिल्यादेवींचे नाव आता या जिल्ह्याला लाभले आहे. त्या नावाचा मान फलकांवर राखून भागणार नाही. संध्याकाळच्या शेवटच्या बसने उतरून पांदीने घराकडे निघालेली या जिल्ह्यातली कोणतीही लेक, कोणी हात धरला तर तो सोडवून घरच्या उंबऱ्यात पोहोचली पाहिजे. तेवढे तिला शिकवणे आपल्या हाती आहे. आणि तो हात धरायला कोणी धजावणार नाही असे गाव घडवणे, हेही आपल्याच हाती आहे.